विजेच्या गाडीबरोबर बॅटरीतील धातूचाही हिशेब मागावा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांविषयी केंद्र आणि राज्य सरकारने गेल्या काही वर्षांत घेतलेले निर्णय आपल्या दैनिकातून आम्ही वेळोवेळी वाचत आलो आहोत. या निर्णयांना माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरी अशी गाडी आहे आणि ती पुढेही राहील. परंतु या सगळ्या धोरणात मोजदाद होते ती रस्त्यावर उतरलेल्या गाड्यांची. त्या गाडीच्या पोटातला धातू कोणाच्या जमिनीतून आणि कोणाच्या हातांनी निघाला, आणि गाडी थकल्यावर तो कुठे जातो, याची मोजदाद तेवढ्याच कसोशीने होत नाही. ही उणीव मला पुस्तकातून कळलेली नाही. ती आमच्या ओसरीत येऊन पडली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एप्रिल २०२१ मध्ये आम्ही सुनेसाठी एक ई-स्कूटर घेतली. ती आरोग्य उपकेंद्रात परिचारिका आहे आणि तिचे रोजचे जाणे-येणे ३८ किलोमीटरचे आहे. पेट्रोल तेव्हा शंभरीच्या उंबरठ्यावर होते. केंद्राच्या फेम योजनेचे अनुदान किमतीतूनच वजा झाले, त्यामुळे गाडी आमच्या आवाक्यात आली, आणि पहिली दोन वर्षे तिने खरोखरच घरखर्चाला हातभार लावला. तिसऱ्या वर्षापासून मात्र बॅटरी लवकर उतरू लागली. मे २०२४ मध्ये, आपल्याकडे ऊन अगदी भाजून काढत असताना, परतीच्या वाटेवर फाट्याच्या अलीकडे गाडी बंद पडली आणि भर दुपारी सुनेला ती ढकलत आणावी लागली. हमीची तीन वर्षे महिनाभरापूर्वीच संपली होती. ज्या दुकानातून गाडी घेतली ते दुकान तालुक्यातून केव्हाच उठले होते. नव्या बॅटरीला ४८ हजार रुपये लागले, म्हणजे मूळ गाडीसाठी आम्ही मोजलेल्या रकमेच्या निम्म्याहून अधिक. पैसे गेल्याचे दुःख आहेच, पण आज मला त्याबद्दल लिहायचे नाही. मला लिहायचे आहे ते जुन्या बॅटरीबद्दल.

ती वीस-बावीस किलोची पेटी नव्या दुकानदाराने परत घेतली नाही. नगरपालिकेच्या घंटागाडीवरच्या माणसाने तिला हात लावायलाही नकार दिला आणि त्याचे बरोबरच होते. शेवटी दारावर भंगारवाला आला. त्याने पेटी उचलून पाहिली, उलटी केली आणि विचारले, "गुरुजी, यामा तांबं शे का?" थोडेसे आहे म्हणताच त्याने पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढली. मी चाळीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले असल्याने त्याला वेळीच थांबवता आले. अशा बॅटरीत थोडी जरी वीज शिल्लक असली तरी आतला पडदा फाटताच ती पेट घेऊ शकते आणि ती आग पाण्याच्या बादलीने विझत नाही. त्याला हे कोणी सांगितले नव्हते. सांगणे ज्यांचे काम होते त्यांच्यापैकी कोणी त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच नव्हते.

तो गेल्यावर मी चश्मा लावून पेटीवरचे लेबल वाचले. क्षमता, व्होल्ट, तयार केल्याचा महिना आणि जोडणी भारतात झाल्याचा उल्लेख त्यावर होता. आतले सेल कुठल्या देशातून आले, त्यांत कोणकोणते धातू आहेत आणि निकामी झाल्यावर ती कोणाकडे द्यायची, याबद्दल त्यावर एक अक्षरही नव्हते. बिस्किटाच्या पुड्यावर पिठापासून मिठापर्यंत सगळे छापलेले असते, आणि ज्या वस्तूच्या जोरावर देशाचे वाहतूक धोरण उभे राहणार आहे तिच्यावर एवढेही नाही, याचे मला फार वाईट वाटले.

ट्रॅक्टरची शिशाची बॅटरी गेली तर आपल्याकडे शेतकरी काय करतो, ते सर्वांना ठाऊक आहे. तो जुनी बॅटरी दुकानात नेतो, तिचे वजन होते, तेवढे पैसे नवीच्या किमतीतून कमी होतात. विक्रेत्यांनी जुनी बॅटरी परत घ्यावी असा नियम २००१ पासून आहे हे खरे, पण ही पद्धत टिकली ती मुख्यतः शिशाला भाव आहे म्हणून. लिथियमच्या बॅटरीचे तसे नाही. तिच्यातही दोन प्रमुख जाती आहेत. एकीत निकेल आणि कोबाल्ट असते. असा माल महाग असल्याने पुनर्वापर करणारे कारखाने तो शोधत येतात. दुसरीत लिथियमसोबत लोह आणि फॉस्फेट असते. ती उष्णतेला अधिक टिकाव धरते, तिच्यात कोबाल्ट मुळीच नसते, म्हणून आपल्या हवामानाला आणि आपल्या सदसद्विवेकाला तीच बरी. पण त्याच कारणाने तिच्या भंगाराला भाव येत नाही आणि ती कोणी मागत नाही. लेबलावर लिहिलेले नसले तरी आमच्या ओसरीतली पेटी या दुसऱ्या जातीची असावी. तालुक्यातालुक्यांत आज अशा किती पेट्या गोठ्यांत, माळ्यांवर आणि गॅरेजच्या मागे पडून असतील, याचा अंदाज ज्याने-त्याने आपल्या गल्लीवरून करावा.

आता हा धातू येतो कुठून, ते पाहू. लिथियमचे मोठे पुरवठादार ऑस्ट्रेलिया आणि चिली. चिलीतील अटाकामाच्या वाळवंटात जमिनीखालचे खारे पाणी उपसून उथळ तलावांत सोडतात आणि वर्ष-दीड वर्ष उन्हात आटवून त्यातून लिथियमचे क्षार काढतात. जगातील अत्यंत कोरड्या प्रदेशांत हा उपसा चालतो, म्हणून तेथील मूळ रहिवासी अनेक वर्षांपासून त्याला हरकत घेत आहेत. रावेर-यावलमध्ये केळीसाठी बोअर दरवर्षी अधिकाधिक खोल नेणाऱ्या शेतकऱ्याला त्या हरकतीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. जगातील कोबाल्टपैकी सुमारे ७० टक्के एकट्या कांगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो. तेथे मोठ्या खाणींच्या जोडीने हाताने खणलेले भुयारी खड्डे आहेत, आणि त्यांत लहान मुले काम करत असल्याच्या नोंदी आंतरराष्ट्रीय संस्थांनी वारंवार केल्या आहेत. निकेलचा निम्म्याहून अधिक पुरवठा इंडोनेशियातून होतो. त्या देशाने जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेल खनिजाची निर्यात बंद केली आणि शुद्धीकरणाचे कारखाने आपल्याकडे आणले. देशाच्या दृष्टीने ते शहाणपणाचे होते, परंतु ते कारखाने चालवण्यासाठी तेथे दगडी कोळशावरची नवी वीजकेंद्रे उभी राहिली. धुराला पर्याय म्हणून आपण जी बॅटरी घेतो, तिच्यातल्या निकेलसाठी दुसऱ्या एखाद्या बेटावर धूर निघत असतो.

खाणी जगभर विखुरलेल्या असल्या तरी शुद्धीकरण मात्र बव्हंशी एकाच देशात, चीनमध्ये, होते. लिथियम असो, कोबाल्ट असो किंवा बॅटरीत लागणारे ग्राफाइट असो, मधला दरवाजा चीनच्या हातात आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा काही आठवड्यांतच आपल्याकडच्या वाहन कारखान्यांची धावपळ उडाली. ई-स्कूटरच्या मोटरमध्ये मूठभर वजनाचे चुंबक असतात. ते आले नाहीत तर बाकी सगळी गाडी तयार असूनही ती फॅक्टरीच्या दारातून बाहेर पडत नाही.

एका ठिकाणच्या मालावर विसंबून राहणे म्हणजे काय, हे खान्देशला नवे नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा इंग्रजांना खान्देश आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीची आठवण झाली. कापसाचे भाव आभाळाला भिडले, ज्वारी-बाजरीची रानेही कापसाखाली आली, सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपताच लँकेशायर पुन्हा अमेरिकेच्या कापसाकडे वळले, भाव कोसळले आणि कर्ज तेवढे शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिले. त्या व्यवहारात आपण माल पुरवणारे होतो. आज विजेच्या गाड्यांच्या व्यवहारात आपण लँकेशायरच्या जागी उभे आहोत, आणि अटाकामा, कांगो किंवा इंडोनेशियातील कोणी आपल्या पणजोबांच्या जागी उभे आहे. दोन्ही जागांचा अनुभव असलेल्या प्रदेशाने हा विचार मांडायचा नाही तर कोणी मांडायचा?

याच संदर्भात आपल्याच मुलखातली आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर प्रकल्पात नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांची ३३ गावे बाधित झाली. त्या प्रकल्पाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. वीज सर्वांना मिळाली, पण ज्यांची शेते आणि देवस्थाने पाण्याखाली गेली त्यांच्यातील कित्येकांना जमिनीसाठी वर्षानुवर्षे कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. सातपुड्यातल्या माणसाला 'देशाच्या विकासासाठी' या शब्दांची किंमत ठाऊक आहे. उद्या देशांतर्गत खनिजांचे लिलाव वेगाने होऊ लागतील तेव्हा लिलावातले गट, म्हणजे खाणींसाठी आखलेले जमिनीचे तुकडे, बहुतांशी अशाच डोंगरांत आणि वनांत असतील. म्हणून परदेशातील खाणींबद्दल जो प्रश्न आपण विचारतो, तोच प्रश्न आपल्याकडच्या खाणीबद्दलही तितक्याच ठामपणे विचारला पाहिजे.

केंद्र सरकार या बाबतीत स्वस्थ बसले आहे असे मी म्हणत नाही. परदेशातील खनिजे मिळवण्यासाठी २०१९ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील तीन कंपन्यांनी मिळून 'काबिल' ही कंपनी स्थापन केली आणि जानेवारी २०२४ मध्ये तिने अर्जेंटिनातील काटामार्का प्रांतात लिथियमच्या पाच गटांसाठी करार केला. ते क्षेत्र १५,७०३ हेक्टर आहे. २०२३ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि महत्त्वाच्या खनिजांच्या लिलावाचे अधिकार केंद्राकडे आले. जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियान मंजूर झाले. परंतु घोषणा आणि हाती आलेला धातू यांच्यातले अंतर जनतेला सांगितले जात नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियम सापडल्याची बातमी आली, तेव्हा चौकाचौकांत पेढे वाटावेत असे वातावरण झाले होते. प्रत्यक्षात तो आकडा धातूचा नव्हता, खनिजयुक्त खडकाचा होता, आणि तोही प्राथमिक सर्वेक्षणावरून केलेला अंदाज होता. पुढे त्या गटाचा लिलाव पुकारला गेला, तर पुरेसे पात्र बोलीदारच मिळाले नाहीत. रियासीतून आजवर एक किलो लिथियमही बॅटरीत गेलेले नाही. मातीच्या माठात पाणी आहे की नुसती माती ओली आहे, एवढा फरक बातमी देणाऱ्यांनी आणि घोषणा करणाऱ्यांनी स्पष्ट केला असता तर बरे झाले असते.

आता गाड्यांबाबतच्या सरकारी सक्तीकडे वळतो. या विषयावर आपल्याकडे वाद होतो तो बहुधा सक्ती असावी की नसावी एवढाच. माझे मत असे आहे की सक्तीशिवाय हवा कधीच स्वच्छ झाली नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात गाड्यांच्या धुराचे भारत स्टेज-सहाचे निकष लागू झाले तेव्हा मधला टप्पा गाळून आपण एकदम चारवरून सहावर गेलो. ते साधले, कारण इंजिन बनवणाऱ्यांवर आणि इंधन शुद्ध करणाऱ्यांवर, दोघांवरही एकाच मुदतीची सक्ती होती. गाडी नवी आणि डिझेल जुने असे झाले असते तर तो सगळा खटाटोप वाया गेला असता. मार्च-एप्रिल २०२२ मध्ये ई-स्कूटरी पेटण्याच्या घटना घडल्या, त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे निकष डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने कडक झाले. तीही सक्तीच होती, आणि ती आवश्यक होती.

विजेच्या गाड्यांच्या बाबतीत मात्र सक्ती आणि सवलत दोन्ही एकाच टोकाला, म्हणजे गाडी विकण्याच्या टोकाला, बांधलेल्या आहेत. फेम योजना २०१५ मध्ये आली. तिचा १०,००० कोटींचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ पासून ३१ मार्च २०२४ पर्यंत चालला. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२४ पासून १०,९०० कोटींची पीएम ई-ड्राइव्ह योजना सुरू झाली. जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आपल्या राज्याच्या २०२१ च्या धोरणाने २०२५ पर्यंत नव्या नोंदणीत १० टक्के गाड्या विजेच्या असाव्यात असे ठरवले आणि २०२५ चे धोरण २०३० पर्यंतचे आहे. एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत बाइक टॅक्सी चालवायची तर ती विजेचीच असली पाहिजे, असेही राज्याने ठरवले. मधल्या काळात उद्दिष्टे अनेकदा बदलली. २०१७ मध्ये २०३० पर्यंत सगळ्या नव्या गाड्या विजेच्या करण्याची भाषा होती, आज ती ३० टक्क्यांवर आली आहे. जून २०२३ मध्ये दुचाकीच्या अनुदानाची कमाल मर्यादा किमतीच्या ४० टक्क्यांवरून एकदम १५ टक्क्यांवर आणली गेली. देशी सुटे भाग वापरण्याची अट न पाळता अनुदान उचलल्याबद्दल काही कंपन्यांकडून ते परत मागावे लागले. या शेवटच्या गोष्टीकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. माल कुठून आला याची एकच अट घातली होती, आणि तीही अनुदान वाटून झाल्यावर तपासली गेली.

बॅटरी कचऱ्याचे नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आले आणि कागदावर ते चांगले आहेत. बॅटरी बाजारात आणणाऱ्या कंपनीवर ती परत गोळा करण्याची जबाबदारी आहे, पुनर्वापरात ९० टक्के माल परत मिळवण्याचे उद्दिष्ट २०२६-२७ पासून आहे, आणि २०२७-२८ पासून विजेच्या गाड्यांच्या नव्या बॅटरीत किमान ५ टक्के पुनर्प्राप्त माल वापरण्याचे बंधन आहे, जे २०३०-३१ मध्ये २० टक्क्यांवर जाईल. परंतु ही जबाबदारी पुनर्वापर कारखान्याकडून प्रमाणपत्रे घेऊन पूर्ण करता येते. एखाद्या कंपनीने मोठ्या शहराजवळच्या कारखान्याची पुरेशी प्रमाणपत्रे घेतली की तिचे उद्दिष्ट पूर्ण. अमळनेरच्या, साक्रीच्या किंवा धडगावच्या गाडीची बॅटरी गोळा झाली की नाही, हे विचारण्याची त्या व्यवस्थेत जागाच नाही. आमची पेटी ओसरीत पडून आहे ती कायदा नाही म्हणून नव्हे, तर कायद्याचा हात तालुक्यापर्यंत पोहोचत नाही म्हणून.

लिथियम आपल्या मातीत सध्या तरी हाती लागत नाही. पण गेल्या काही वर्षांत ते गाड्यांच्या पोटात बसून आपल्या गावागावांत आलेले आहे, आणि त्यासाठी आपण परकीय चलन आधीच मोजलेले आहे. आपल्या देशाच्या ताब्यातली खात्रीची खाण आज कोणती असेल तर ती या जुन्या बॅटऱ्यांची. तिच्यासाठी कोणाचे गाव उठवावे लागत नाही. यासाठी गॅस सिलिंडरसारखी अनामत रक्कम हा मला सर्वांत सोपा उपाय वाटतो. प्रत्येक बॅटरीवर विक्रीच्या वेळी ठरावीक अनामत घ्यावी आणि बॅटरी कोणत्याही नोंदणीकृत केंद्रावर परत दिली की ती हातोहात मिळावी. मग भंगारवालाच ती पेटी जपून, न फोडता केंद्रापर्यंत नेईल, कारण फोडण्यापेक्षा परत देण्यात त्याला जास्त मिळतील. हे केंद्र प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी असावे. एसटी आगार, बाजार समितीचे आवार किंवा आयटीआय, जिथे आग विझवण्याची वाळू आणि सावली असेल, तिथे ते चालू शकते. भंगार गोळा करणाऱ्या माणसांना एक दिवसाचे प्रशिक्षण आणि जाड हातमोजे मिळावेत. त्यांच्याशिवाय ही व्यवस्था चालणार नाही, म्हणून तिच्यात त्यांना मानाची जागा असावी.

दुसरे असे की, लेबलावर मालाचे मूळ छापण्याची सक्ती व्हावी. युरोपीय महासंघाने २०२३ मध्ये बॅटरीविषयी जो कायदा केला त्यानुसार फेब्रुवारी २०२७ पासून तेथे विजेच्या गाडीच्या प्रत्येक बॅटरीला तिची माहिती देणारे डिजिटल पारपत्र असणार आहे, आणि २०३१ पासून नव्या बॅटरीत किमान १६ टक्के कोबाल्ट व प्रत्येकी ६ टक्के लिथियम आणि निकेल पुनर्प्राप्त असावे लागणार आहे. जे कारखाने युरोपला माल पाठवतील ते हे सगळे करतीलच. तीच माहिती भारतीय ग्राहकाला मराठीत का मिळू नये?

सवलती देतानाही धातूचा विचार व्हावा. स्कूटरला साधारण तीन युनिटची बॅटरी लागते आणि मोठ्या मोटारीला साठ युनिटची. म्हणजे एकट्या माणसाला घेऊन जाणाऱ्या एका मोटारीत वीस स्कूटरींचा माल अडकतो. बसच्या बॅटरीत अशा चार मोटारींइतका माल जात असेल, पण ती दिवसभरात शेकडो माणसांना नेते-आणते. पीएम ई-ड्राइव्हमध्ये खासगी मोटारींना थेट अनुदान नाही, हे योग्यच झाले. मात्र ५ टक्के जीएसटी छोट्या-मोठ्या सगळ्या मोटारींना सारखाच आहे, आणि राज्याची टोलमाफी ज्या समृद्धी महामार्गावर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर आहे तेथे दुचाकीला प्रवेशच नाही. खान्देशातल्या ज्या आशा सेविका, शिक्षिका, दूधवाले आणि फेरीवाले स्कूटरवर किंवा तीनचाकीवर पोट भरतात, त्यांना या माफीतून काहीच मिळत नाही. एसटी महामंडळाने ५,१५० विजेच्या बस भाडेतत्त्वावर घेण्याचे ठरवले आहे. त्यांतील पुरेशा बस धुळे, जळगाव आणि नंदुरबार विभागांच्या ग्रामीण फेऱ्यांना मिळाव्यात आणि आगारात चार्जिंगची सोय बस येण्याआधी व्हावी. धातू कमी आणि माणसे जास्त, असा जिथे हिशेब बसतो तिथे सरकारचा पैसा आधी जावा.

आपल्याकडच्या उन्हाबद्दल थोडे लिहितो. भुसावळ-जळगावला मे महिन्यात ४५ अंश ही नवलाई राहिलेली नाही, आणि पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीचे तापमान त्याहून बरेच अधिक असते. उष्णतेने बॅटरी लवकर झिजते, हे प्रत्येक उत्पादकाला माहीत आहे. लवकर झिजलेली बॅटरी म्हणजे पुन्हा नवा धातू, पुन्हा नवी खाण. म्हणून अनुदान घेणाऱ्या कंपनीने अशा तापमानातल्या वापराची हमी द्यावी, आणि ती तीन वर्षांत संपणारी नसावी.

विजेचाही उल्लेख केल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. आपली गाडी ज्या विजेवर चालते तिचा मोठा भाग अजून कोळशाचा आहे. दीपनगरच्या औष्णिक केंद्रात ५०० मेगावॉटच्या दोन संचांच्या जोडीला ६६० मेगावॉटचा नवा संच आला आहे, आणि वेल्हाळ्याच्या राखेच्या बंधाऱ्याजवळ राहणाऱ्यांना वारा सुटला की काय होते ते भुसावळकरांना विचारावे. असे असले तरी बहुतांशी कोळशाच्या विजेवर चालणारी गाडीही आयुष्यभराच्या हिशेबात पेट्रोलच्या गाडीपेक्षा कमी कार्बन सोडते. शिवाय आपल्याच साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. चार्जिंग रात्रीऐवजी दुपारी करण्याची सोय कार्यालयांत, शाळांत आणि बाजार समित्यांत झाली तर आपली गाडी आपल्याच उन्हावर चालू शकेल. शेतीपंपाला दिवसा वीज द्यावी म्हणून शेतकरी जी मागणी करत आले आहेत, तिच्या आड हे येऊ नये, एवढी काळजी मात्र महावितरणने घ्यावी.

जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला मी यासंबंधी स्वतंत्र पत्रे पाठवली आहेत. आपल्याला विनंती एवढीच की, धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांत लिथियमच्या जुन्या बॅटऱ्या रीतसर स्वीकारणारी केंद्रे कुठे आहेत, याची माहिती आपल्या प्रतिनिधींकडून मिळवून ती पत्त्यांसह छापावी, आणि एखाद्या तालुक्यात केंद्र नसेल तर त्या तालुक्याच्या नावापुढे 'नाही' असे स्पष्ट छापावे. आमची पेटी मी कोरड्या वाळूच्या घमेल्यात ठेवून, वर लाकडी फळी टाकून, नातवंडांचा हात पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात ठेवली आहे. पत्ता छापून आला की त्याच दिवशी रिक्षा करून ती पोहोचती करीन.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
अमळनेर, जि. जळगाव